जमीन मेल्याचा दाखला

इद्रिसा बेलेम यांनी एकतीस वर्षं रेडिओवर शेतीचा कार्यक्रम केला आणि त्या एकतीस वर्षांत एकदाही कुदळ हातात धरली नाही. यात काही विसंगत आहे असं त्यांना वाटत नसे. हवामानाच्या बातम्या देणारा काही स्वतः पाऊस पाडत नाही, असं ते म्हणत आणि म्हणताना चष्मा काढून पुसत.

दर शनिवारी कार्यक्रमाच्या शेवटी त्यांचं एक वाक्य ठरलेलं असे. "माझ्या गावी, तेंगनोगोला, आत्ता नेरेच्या झाडाला लाल फुलं आली असतील." नेरे वर्षातून एकदाच फुलतो, उन्हाळ्याच्या तोंडाशी. बेलेमसाहेबांचा नेरे मात्र वर्षाचे बावन्न शनिवार फुललेला असे. एका श्रोत्याने पत्र पाठवून ही चूक दाखवून दिली होती. पत्राखाली सही नव्हती, पण मायना 'अरे गुलामा' असा होता, त्यामुळे ते कुठून आलं हे ओळखायला त्रास पडला नाही. बेलेमसाहेब जातीने मोसी. मोसीला गुलाम म्हणण्याचा हक्क फक्त सामो माणसाला, आणि मोसीनेही त्याला तेच म्हणायचं, अगदी मयताच्या घरीसुद्धा. दोन्ही जमातींत हे पणजोबा-खापरपणजोबांपासून चालत आलंय. जो रागावेल त्याने कोंबडा द्यायचा. तेंगनोगोत लिहिता येणारा सामो एकच होता, फुलजांस तोए. तो आणि बेलेमसाहेब एका वयाचे. लहानपणी दोघांनी एकच बकरी हरवली होती आणि मारही एकाच काठीने खाल्ला होता.

निवृत्त झाल्यावर बेलेमसाहेब रोज सकाळी राजधानीतल्या, म्हणजे वागामधल्या, आपल्या घराच्या फाटकाशी उभे राहून उत्तरेचा रस्ता बघत. कांद्याचे ट्रक त्याच रस्त्याने येतात. ट्रक वळणाशी थांबला की साहेब काहीतरी निमित्त काढून रस्ता ओलांडत आणि चाकाला लागलेली माती बोटाने उकरून बघत. बोट नाकाशी नेत. मग आजूबाजूला कोणी नाही ना हे पाहून ते पँटला पुसत. हे सगळं त्यांची बायको आसेता स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत असे आणि पँट धूतही असे.

"जायचं असेल तर जा की," ती म्हणे. "बस रोज सातला सुटते."

"असं कसं जाणार? काहीतरी कारण नको?"

"तुमचं गाव आहे. तेवढं कारण पुरे नाही?"

तेवढं कारण पुरे नव्हतं. बापाच्या मयताला शेवटचे गेले, त्याला एकोणीस वर्षं झाली होती. एकोणीस वर्षांनी माणूस हात हलवत गावात शिरला की लोक पाणी देतात, पण नजरेने विचारतात की शहरातून हाकललं का. बापाच्या शेतात नेरेखाली दोन खोल्या बांधायच्या आणि उरलेलं आयुष्य तिथे काढायचं, हे बेलेमसाहेबांनी ठरवून टाकलं होतं. ठरवायलाही आता बारा वर्षं झाली होती. अडत होतं ते फक्त मानाने शिरण्यापाशी.

कारण चालून आलं ते जानेवारीत, एका मोठ्या संस्थेच्या पत्रातून. सात देशांतले अकरा पत्रकार येणार होते. जमीन कशी खराब होते, ती कशी राखावी आणि त्याची बातमी कशी करावी, हे त्यांना पाच दिवसांत शिकवायचं होतं. त्यातले दोन दिवस एखाद्या खराब झालेल्या गावात घालवायचे होते. गाव शिक्षकाने सुचवायचं होतं. बेलेमसाहेबांनी पत्र दोनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा मोठ्याने, रेडिओच्या आवाजात वाचलं.

"तेंगनोगो," ते म्हणाले.

"तुमचं गाव खराब झालंय?" आसेताने विचारलं.

"बाबा गेले तेव्हा मी स्वतः पाहिलंय. एप्रिलमध्ये. नुसतं पांढरं फटक. गवताची काडी नाही."

आसेता काहीतरी बोलणार होती. ती शेतकऱ्याची मुलगी. एप्रिलमध्ये अख्ख्या देशात कुठेच गवताची काडी नसते, हे तिला माहीत होतं. पण नवऱ्याच्या चेहऱ्यावर तिने बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं असं काहीतरी होतं, म्हणून ती गप्प राहिली. पुढे झालेल्या सगळ्याचं मूळ या गप्प राहण्यात आहे असं बेलेमसाहेब नंतर म्हणत. ती म्हणे, मूळ तुमच्या तोंडात आहे.

शेजाऱ्यांना कळायला अर्धा दिवस पुरला. जकात खात्यातून निवृत्त झालेले ताप्सोबा म्हणाले, प्रत्येक कागदाच्या तीन प्रती काढा आणि चौथी कुणाला सांगू नका. समोरच्या मुख्याध्यापिका मादाम काब्रे म्हणाल्या, पत्रकारांना आधी जेवायला घाला, भुकेला पत्रकार थेट राजकारणावर जातो. कोपऱ्यावरच्या शिंप्याने फुकट सल्ला दिला की शिक्षकाला टोपी हवी, आणि टोपी मात्र विकत दिली.

संस्थेच्या अर्जात सातवा रकाना होता : 'जमीन खराब असल्याचा सरकारी पुरावा जोडावा.' बेलेमसाहेब त्यासाठी एका कचेरीत गेले. खिडकीमागच्या कारकुनाने चहाचा पेला खाली ठेवला.

"जमीन चांगली असल्याचा दाखला मिळतो," तो म्हणाला. "खराब असल्याचा नमुनाच नाही."

"मग चांगलीचा द्या आणि त्यावर 'नाही' लिहा."

"'नाही' लिहायला रकाना नाही."

"खाली जागा आहे ना?"

"ती शिक्क्याची जागा आहे, काका. तिथे मजकूर आला तर शिक्का कुठे मारू? तुमच्या टोपीवर?"

तीन दिवस हेच चाललं. चौथ्या दिवशी कारकुनाला, कंटाळा आला म्हणून म्हणा किंवा टोपीची दया आली म्हणून म्हणा, एक युक्ती सुचली. मयताच्या दाखल्याचे कोरे नमुने त्याच्याकडे गठ्ठ्याने पडून होते. मयताचं नाव : तेंगनोगो. मरणाचं कारण : वारा आणि पाणी. मरणाची तारीख : एकोणीस वर्षांपूर्वीचा एप्रिल. माहिती देणाऱ्याचं नाव आणि मयताशी नातं : इद्रिसा बेलेम, मुलगा. शिक्का अगदी व्यवस्थित, जिथल्या तिथे उमटला. ताप्सोबांच्या सल्ल्याप्रमाणे बेलेमसाहेबांनी तीन प्रती काढल्या. एक संस्थेला गेली, एक त्यांच्याकडे राहिली. तिसरी कचेरीने आपल्या पद्धतीप्रमाणे 'पुढील कार्यवाहीसाठी' पुढे पाठवली. पुढे म्हणजे कुठे, हे कुणी विचारलं नाही.

पहिले तीन दिवस वर्गातले. तेवढ्यात बेलेमसाहेबांनी अकराही पत्रकारांना जिंकून घेतलं, हे मान्य करायला हवं. त्यांनी तीन नियम शिकवले आणि रोज सकाळी ते म्हणून घेतले. एक, जमिनीवर स्वतः जाऊन उभे राहा. दोन, जमीन कुणाची ते विचारा. तीन, मालकाला तोंडावर विचारा की तू काय केलंस, आणि उत्तर येईपर्यंत माईक खाली घेऊ नका. सगळ्यात सुंदर अक्षरात हे कुणी लिहून घेतलं असेल तर मिरेय एन्गोनोने. कॅमेरूनच्या जंगलातून आलेली ही पंचविशीची पोरगी. हिने आयुष्यात उघडी जमीन म्हणून फुटबॉलचं मैदान तेवढं पाहिलं होतं. शिकवलेलं सगळं ती शब्दशः खरं मानत असे, आणि विद्यार्थ्याचा यापेक्षा धोकादायक प्रकार नसतो.

चौथ्या दिवशी सकाळी मिनीबस उत्तरेला निघाली. सप्टेंबर होता. बेलेमसाहेब पुढच्या सीटवर, मांडीवर टोपी. वाटेतल्या प्रत्येक गावाची पाटी ते मोठ्याने वाचत होते. शेवटच्या फाट्यावर बस वळली तेव्हा त्यांनी ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला.

"रस्ता चुकलाय."

"पाटीवर तेंगनोगोच आहे, साहेब."

"मग पाटी चुकलीय."

कारण दोन्ही बाजूंना बाजरी होती. बसच्या टपाहून उंच. कणसं हाताएवढी, आणि खाली दगडांच्या ओळी, शाळेत मुलं बसवावीत तशा सरळ. ओळींच्या मधल्या जागेत वीतभर खोल खड्डे, आणि प्रत्येक खड्ड्यातून चार-चार ताटं वर आलेली. या खड्ड्यांना झाई म्हणतात. उन्हाळ्यात खणायचे आणि मूठभर खत घालून ठेवायचे. खताला वाळवी लागते, वाळवी जमीन पोखरते, आणि पाऊस पडला की पाणी तिथेच मुरतं. याविषयी बेलेमसाहेबांनी रेडिओवर किमान चाळीस कार्यक्रम केले होते. आपल्या गावातले लोक रेडिओ ऐकतात आणि वर ऐकल्याप्रमाणे करतातही, ही शक्यता त्यांच्या मनाला कधी शिवली नव्हती.

गावात बाजरीचं पीठ कालवलेलं पाणी मिळालं, हात हातात घेऊन चौकश्या झाल्या. घरचे बरे? जनावरं बरी? आसेता बरी? बेलेमसाहेब उत्तरं देत होते आणि डोळ्यांनी कुठे काही मेलेलं दिसतंय का ते शोधत होते.

"काका," मिरेयने हळूच विचारलं, "मेलेली जमीन कुठे आहे?"

"जरा पुढे."

जरा पुढे भुईमूग होता. त्याच्या पुढे ज्वारी, आणि त्याच्याही पुढे एका बाईची भेंडी, इतकी हिरवी की पत्रकारांनी तिचेच फोटो काढले. बेलेमसाहेब शहरी बुटांत दोन मैल चालले. पाठीमागून अकरा जण, त्यांच्या मागे गावातली चौदा-पंधरा माणसं, आणि प्रत्येक हिरव्या शेतापाशी साहेबांचा चेहरा आणखी उतरत होता. तेंगनोगोत माणसाने हिरवळ बघून खट्टू होण्याची ती पहिलीच वेळ असावी. आपण मेल्याचा दाखला दिलेलं गाव असं बिनदिक्कत जिवंत असणं त्यांना जवळजवळ उद्धटपणाचं वाटायला लागलं.

आणि मग उंचवट्यामागे ती दिसली. पांढरीफटक, टक्कल पडलेली, दुपारच्या उन्हात भाजलेल्या मडक्यासारखी. अशा कवच धरलेल्या, नापीक जमिनीला झिपेले म्हणतात. मधोमध पाणी वाहून गेल्याचे ओरखडे, पलीकडच्या कडेला एकच झाड. बेलेमसाहेबांना इतका आनंद झाला की त्यांनी टोपी काढली.

"हे पाहा," ते रेडिओच्या आवाजात म्हणाले. "लिहून घ्या."

वीस मिनिटं ते बोलले. त्यांनी बूट आपटून दाखवला, जमीन भांड्यासारखी वाजली. पाऊस इथे मुरत नाही, वरून घसरतो आणि खालच्या शेतांतलं बी घेऊन जातो, हे त्यांनी समजावलं. मग त्यांचा आवाज जड झाला. "जमीन एका दिवसात मरत नाही, मित्रांनो. आधी कोणीतरी पाठ फिरवतं. अशा माणसाला मी शेतकरी म्हणणार नाही. मुलगा तर नाहीच नाही." मागे उभ्या असलेल्या गावकऱ्यांपैकी काहींनी पायाकडे बघितलं, काहींनी आभाळाकडे.

मिरेयने दुसरा नियम पाळला. "ही जमीन कुणाची?"

पुन्हा काहींनी पायाकडे बघितलं, काहींनी आभाळाकडे. गावचे लोक फार सभ्य. शेवटी शेजारच्या बाजरीतून कुदळ खांद्यावर टाकून एक उंच, वाळका म्हातारा बाहेर आला. त्याने पत्रकारांकडे पाहिलं, माईककडे पाहिलं, आणि सगळ्यात शेवटी टोपीकडे.

"मालक रेडिओत राहतो," फुलजांस तोए म्हणाला.

बेलेमसाहेबांनी पलीकडच्या झाडाकडे पाहिलं. या बाजूने ते शेताकडे कधीच आले नव्हते. बाप नेहमी त्यांना पलीकडून, विहिरीकडून आणायचा. नेरेची खालची फांदी तुटलेली होती. तीच तुटलेली फांदी. तिच्यावरून पडून एका पोराचा दात गेला होता, आणि खालून दुसरा हसला होता.

"आलास होय रे गुलामा," फुलजांस म्हणाला. "शहरात तुझ्या मालकाने जेवण तोडलं वाटतं?"

"तोंड सांभाळ, कुत्र्याची मुंडकी खाणाऱ्या," बेलेमसाहेब म्हणाले. मोसींची सामोंना ही पिढ्यान्‌पिढ्यांची शिवी, आपोआप आली, शिंक आल्यासारखी.

"मुंडकं तरी खातो. तू टोपी घालतोस. खाली काही नसताना."

"तुझ्या आज्याला माझ्या आज्याने दोन शेंगांत विकत घेतलं होतं."

"आणि दुसऱ्या दिवशी परत आणून दिलं, कारण घरातलं सगळं धान्य त्याने एकट्याने फस्त केलं. हे विसरतोस. तुम्हा मोसींना जमीन दिली काय आणि घोड्याला चष्मा दिला काय. बघ काय केलंस तिचं."

गावकरी मनसोक्त हसत होते. फक्त शेवटच्या वाक्याला हसू जरा कमी पडलं. मिरेय हसत नव्हती. तिच्या देशात माणसं एकमेकांना गुलाम म्हणतात तेव्हा पुढची गोष्ट वेगळी होते. तिचे डोळे विस्फारले होते आणि माईकचा दिवा लाल होता. आणि तिसरा नियम अजून शिल्लक होता.

"काका," ती म्हणाली, "ही जमीन तुमची आहे?"

"हो."

"मालक म्हणून तुम्ही काय केलंत?"

बेलेमसाहेबांनी तोंड उघडलं. एकतीस वर्षं ज्या तोंडाला शब्द कमी पडला नाही, ते तसंच उघडं राहिलं. मिरेयने माईक खाली घेतला नाही. तिला तसंच शिकवलं होतं.

मिरेयने आपली बातमी फोनवरून पाठवली. तिथून ती तीन देशांच्या रेडिओवर गेली आणि तिसरा देश नेमका त्यांचा स्वतःचा निघाला. दुसऱ्या दिवशी दुपारी, शनिवारी, बेलेमसाहेबांच्याच जुन्या कार्यक्रमात ती लागली. तेंगनोगो येथे जमिनीच्या ऱ्हासावरून दोन जमातींत तणाव. शेतकऱ्याने गैरहजर मालकाला सर्वांदेखत गुलाम म्हटले. कुत्र्याच्या मुंडक्याचा उल्लेख. मालक इद्रिसा बेलेम, राहणार राजधानी, यांचे उत्तर पुढीलप्रमाणे. आणि मग शांतता.

आसेताचा फोन आला तेव्हा साहेब बाजरीचा गोळा आणि भेंडीचा रस्सा पुढ्यात घेऊन नुसते बसले होते.

"अहो, ऐकलं तुमचं."

"हं."

"चाळीस सेकंद गप्प होतात. मी मोजलं. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, एवढा वेळ कधी गप्प राहिला नव्हतात."

"ताप्सोबांनी ऐकलं?"

"ते आणि मादाम काब्रे, दोघांनी. मादाम म्हणाल्या, आजवरचा तुमचा सगळ्यात चांगला कार्यक्रम."

तासाभरात सरकारी जीप आली. प्रीफे, म्हणजे त्या भागाचे मुख्य अधिकारी, दोन शिपायांसह उतरले. हातात वही, वहीवर 'जमातींमधील तणाव' असं आधीच लिहिलेलं. मांडवाखाली सगळं गाव जमलं. प्रीफेसाहेबांनी घसा साफ केला.

"ज्याला गुलाम म्हटलं गेलं तो मोसी कोण?"

बेलेमसाहेबांनी हात वर केला. प्रीफेंनी त्यांना टोपीपासून बुटांपर्यंत न्याहाळलं. प्रीफे स्वतः तोमा गावचे. म्हणजे सामो.

"याला?" ते म्हणाले. "मग दुसरं काय म्हणायचं याला?"

मांडव पाच मिनिटं हसत होता. वहीत 'तणाव नाही' अशी नोंद झाली, शिपाई रश्शाकडे वळले. मिरेयला बायकांनी मधे बसवून सगळं नीट समजावलं. तिचा चेहरा पडला. ती सारखी माफी मागत होती, आणि माफी मागितल्याबद्दल तिला एका सामो म्हातारीने कोंबड्याचा दंड सांगितला.

इथे संपलं असतं तर बरं होतं. पण प्रीफेंनी खिशातून दुसरा कागद काढला. "आणखी एक. तुमच्या गावाचं बियाणं या वर्षी का अडकलं, हे तुम्ही तीनदा विचारायला आलात. आज मला कळलं. यादीत तेंगनोगो मयत आहे." त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "मरणाचं कारण, वारा आणि पाणी. माहिती देणारा, इद्रिसा बेलेम. मुलगा."

कोणी हसलं नाही. ज्या शेतांना चुकीने बियाणं मिळालं नव्हतं, त्यांनी मागच्या वर्षीचं राखलेलं पेरलं होतं, आणि तेच बाहेर डुलत होतं. कोणी साहेबांकडे पाहिलंही नाही. बेलेमसाहेबांना वाटलं, या क्षणी फुलजांसने शिवी द्यावी. काहीही बोलावं. फुलजांस नखाने कुदळीवरची माती काढत बसला होता.

मग तेंगसोबा बोलले. तेंगनोगोत जमिनीचा मान त्यांच्या घराण्याचा. कुणी कुठे पेरायचं, हे तेच सांगतात. ते इतके म्हातारे होते की बेलेमसाहेबांच्या बापालाही पोरगा म्हणत.

"पोरा," ते म्हणाले, "तुझ्या बापाचं शेत एकोणीस वर्षं पडीक आहे. पडीक जमीन दुसऱ्याला देता येते. मी दर वर्षी फुलजांसला सांगतो, तू पेर. बांध त्याचाच लागून आहे, खत आहे, हात आहेत. तो दर वर्षी नाही म्हणतो."

"का?" बेलेमसाहेबांनी विचारलं.

"म्हणतो, मी ते हिरवं केलं तर तो मोसी परत येईल कशाला? आणि तो आलाच नाही तर शिव्या कुणाला देऊ?"

कुदळीवर आता माती उरली नव्हती, तरी फुलजांस ती काढतच होता. बेलेमसाहेबांना बापाचं मयत आठवलं. तेव्हा हाच वाळका माणूस खणलेल्या खड्ड्यात आडवा झाला होता. म्हातारा माझा गुलाम आहे, मी पुरू देणार नाही, म्हणाला होता, आणि दोन कोंबडे कबूल करेपर्यंत उठला नव्हता. सगळे हसले होते. बेलेमसाहेबही हसले होते आणि त्या हसण्यातच त्यांना रडू फुटलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते वागाला निघून गेले. कोंबडे द्यायचे राहिलेच.

"इतकी वर्षं मी त्याचं ऐकलं," तेंगसोबा पुढे म्हणाले. "आता तुझ्या टकलावरून पाणी उतरतं आणि खालच्या चार घरांचं बी वाहून नेतं. पुढच्या पेरणीआधी तिथे खड्डे दिसले तर शेत तुझं. नाही दिसले तर मी ते देऊन टाकणार, फुलजांस हो म्हणो की नाही म्हणो."

वागाला परतल्यावर बेलेमसाहेब पहिले त्या खिडकीशी गेले. कारकुनाने त्यांना ओळखलं.

"मेलेल्याला जिवंत करायचा नमुना नाही," तो म्हणाला.

"माहीत आहे. जन्माचा दाखला द्या."

कारकुनाने जरा विचार केला. त्यात तत्त्वतः अडचण नव्हती. नाव, तेंगनोगो. जन्म, सप्टेंबर. आईच्या रकान्यात 'जमीन' चाललं. बापाच्या रकान्यापाशी लेखणी थांबली.

"तुमचं लिहू?"

"नको," बेलेमसाहेब म्हणाले. "लिहा, फुलजांस तोए."

अख्ख्या मोसी गावाचा बाप म्हणून एका सामोचं नाव सरकारी शिक्क्यासह नोंदलं गेल्याची इतिहासात दुसरी नोंद नसावी. बियाणं महिन्याभरात सुटलं. दाखल्याची प्रत फुलजांसने काच लावून दारावर टांगली आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक मोसीला तिच्यापुढे वाकायला लावलं. बेलेमसाहेबांना हे फोनवर कळलं. ते खूप हसले. मग फाटकाशी जाऊन उत्तरेचा रस्ता बघत राहिले. आसेताने खिडकीतून पाहिलं आणि रात्रीच्या स्वयंपाकाआधी एक जुनी पेटी झाडून अंगणात ठेवली.

मार्चमध्ये ते गेले. सातच्या बसने, टोपीशिवाय, पायाशी दोन कोंबडे बांधलेली टोपली. हात हलवत जायचं नव्हतं, म्हणून बाजारातून कुदळही विकत घेतली होती. ती चुकीची निघाली. तिचा दांडा पहिल्या दिवशी सुटला, दुसऱ्या दिवशी साहेबांच्या तळहाताची साल सुटली, तिसऱ्या दिवशी कंबर. झिपेले जमीन अशी असते की कुदळ मारली तर कुदळच परत येते. झाईवर चाळीस कार्यक्रम केलेल्या माणसाने आठवड्याभरात अकरा खड्डे खणले, त्यांतले सहा तिरके. खालच्या चार घरांतून रोज कुणी ना कुणी येऊन सल्ला देऊन जाई. खोल घ्या. कमी खोल घ्या. खत आधी घाला. आत्ता घालू नका, बकऱ्या खातील. शहरातले शेजारी परवडले, असं साहेबांना वाटायला लागलं.

फुलजांस नेरेखाली बसलेला असे. दोन कोंबड्यांपैकी एक त्याने खाल्ला होता आणि दुसऱ्याला साहेबांचं नाव ठेवलं होतं.

"हा खड्डा आहे की तुझ्या आज्याची तपकिरीची डबी?"

"उठून खण की मग."

"मी बाप आहे गावाचा. बाप खणत नसतो." पण उन्हं कलली की तो उठे, न बोलता शेजारची ओळ धरे, आणि साहेबांचे सहा तिरके खड्डे सरळ करून टाके. दुसऱ्या दिवशी म्हणे, वाळवीने केलं.

महिन्याअखेर शेताचा तिसरा भाग चाळणीसारखा दिसायला लागला. आभाळ कोरडं ठणठणीत होतं, पावसाला अजून दोन महिने होते, आणि ते खड्डे, प्रत्येकात मूठभर खत, आ करून वर बघत पडले होते. नेरेला फुलं आली होती. लांब देठांना लोंबणारे लाल गोंडे, झाडभर. एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्या वाक्याची वेळ बरोबर साधली होती, आणि ते वाक्य म्हणायला समोर माईक नव्हता. इद्रिसाने कुदळ टेकवली. बराच वेळ तो नुसता वर बघत उभा राहिला.

"फुलं बघायला आलायस?" नेरेखालून आवाज आला. "खण."

तेवढ्यात झाडाला टांगलेल्या सदऱ्यात फोन वाजला. इद्रिसा शेताच्या दुसऱ्या टोकाला पोचला होता, गुडघ्यांवर. फुलजांसने खिसा चाचपून फोन काढला आणि कानापासून वीतभर लांब धरला.

"मी मिरेय," तिकडून आवाज आला. "मिरेय एन्गोनो. मी पुढची बातमी करतेय. जमिनीचा मालक आहे का?"

फुलजांसने शेताकडे पाहिलं. हा प्रश्न त्याला एकोणीस वर्षं लोक विचारत आले होते, आणि उत्तर तोंडपाठ होतं. पांढऱ्या जमिनीवर एक बुटका माणूस वाकला होता, पाठ घामाने काळी झालेली, पाठीमागे वेड्यावाकड्या खड्ड्यांची रांग.

"आहे," फुलजांस म्हणाला. "थांब पोरी, हाक मारतो."

आणि त्याने तोंडाशी हात धरून, अख्ख्या शिवाराला ऐकू जाईल अशी हाक मारली : "अरे गुलामा."